कुकरचं खोकं दाराशी

मंगळवार, संध्याकाळ

हिंगण्याची खोली माझ्यामुळे गेली. नोकरी मृणालने मिळवली, खोली तिनेच शोधली, एकटीपुरता लहान कुकरही आणला. त्याचं खोकं दाराशी आहे. मला मात्र राहवलं नाही. काल तिच्या नकळत घरमालकिणीला फोन केला, "पोरगी कधी कधी पडते, जरा लक्ष ठेवा."

आज बाईंनी तिला कळवलं, "काही झालं तं जबाबदारी कोणाची वं? मले नाही जमत."

"माह्या कुबड्या पाहूनच हो म्हणाल्या होत्या ना, आई? मग आता काहून नाही?" मृणालने मला विचारलं.

मी कणीक मळत राहिले. खरं सांगायचा धीर होईना. मीच भित्री! कुकर आत ठेवायला उचलला, तर म्हणाली, "राहू दे. दुसरी खोली पाहीन."

तेव्हा कालच्या फोनचं सांगून टाकलं.

"तुले कोणी सांगितलं होतं?" एवढंच बोलली, आणि माझ्यासमोरच घरमालकिणीला फोन लावला. "हो काकू, पडते मी. उठतेही."

हे दुसरं वाक्य काल मला का सुचलं नाही? वीस वर्षं तिला उठताना मीच तर पाहिलंय.

काकूंनी उद्या बोलावलंय. मी सोबत यायचं नाही, असं मृणालने बजावलंय. खोकं दाराशीच आहे. मी हात लावलेला नाही.