फराटा कुठल्या बाजूचा

५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक, म्हणजे थोरला अजून घरीच आहे. हीही नोकरी सोडली. साहेब नीट बोलत नाही म्हणे.

पत्राचं कारण आमची भिंगरी. सोळावं लागलं नाही तोच बाईसाहेबांना धंदा करायचाय, आणि तोही कसला, तर खिडक्या पुसायचा! चौकातल्या चष्मेवाल्याच्या काचेवर इतकी धूळ की त्याचं दुकान शोधायलाच चष्मा लागावा. हिने परवा आपली बादली नेऊन ती काच फुकट पुसून दिली आणि दर शनिवारचं काम पक्कं करूनच घरी आली. हे खो खो हसले. म्हणाले, शिकवून काय उपयोग, हिच्या हातात शेवटी फडकंच शोभायचं. पोर त्या दिवशी जेवली नाही.

तू जन्मभर त्या मोठ्या हॉटेलच्या काचा पुसल्यास, तूच तिला चार गोष्टी सांग. मला मनापासून वाटतं रे, तिचं म्हणून काहीतरी असावं. वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
बेबी


१४ एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे माझ्याबरोबरच निवृत्त झाले, आता कुरकुरण्याशिवाय दोघांनाही काम नाही. भाऊजींना माझा निरोप सांग, फडकं शोभायलासुद्धा हातात जोर लागतो. त्यांनी कधी धरलं असतं तर कळलं असतं.

सोबत पार्सल आहे. त्यात पितळी मुठीचं रबर आहे, काचेवरचं पाणी ओढायचं. माझं स्वतःचं आहे, फक्त पट्टी नवी घातली. भिंगरीला सांग, साबण नखभरच, जास्त झाला की काच रडते. शिडीवर चढायचं नाही. लांब दांडा लावायचा, पण पाय जमिनीवर. आणि आमच्या धंद्यातली एक खूण सांगतो. काच बाहेरून पुसताना शेवटचा हात आडवा मारायचा, आतून पुसताना उभा. म्हणजे फराटा राहिला तर बघताक्षणी कळतं तो कुठल्या बाजूचा. नाहीतर माणूस बाहेर घासून घासून दमतो आणि फराटा असतो आत.

आणखी एक. गिऱ्हाइकं तिची तिला सांभाळू द्या. तुम्हा मंडळींना मदत करायची भारी हौस. भाचीला गोड पापा, तिला आवडत नसला तरी.

तुझा,
दादा


२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या रबराने जादू केली बघ. चष्मेवाल्यामागून सलूनवाला आला, मग दातांची डॉक्टरीण. ती म्हणते, पेशंट आता खिडकीबाहेर बघत बसतात आणि ओरडायचं विसरतात. भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकते आणि बादली उचलते. आरशात पाहावं तशी काचेत पाहून हसते एकटीच.

ह्यांचा सूरही पालटला. परवा हौसेने कार्डं छापून आणली, चांगली जाड, कडेला सोनेरी रेघ. वर मालक म्हणून थोरल्याचं नाव आहे आणि खाली मदतनीस म्हणून भिंगरीचं. ह्यांचं म्हणणं, मोठी ऑफिसं एवढ्याशा पोरीशी बोलायची नाहीत, पुरुषाचं नाव असलं की वजन पडतं. शिवाय थोरल्यासाठी मुली बघताना स्वतःचा व्यवसाय आहे असं सांगता येईल. तो बोलण्याचं काम बघेल, ही पुसण्याचं.

भिंगरीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि बादली घेऊन कामाला गेली. समजूतदार आहे हो पोर. घरातल्या घरात कसलं आलंय माझं-तुझं? पावसापाण्याचा तब्येतीला जप. आमची आठवण ठेव.

तुझी,
बेबी


११ जुलै

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद.

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण नागोबाला बीळ दाखवायला आईबाप गेलेले पहिल्यांदाच पाहतो आहे. भिंगरीची समजूतदारी तू सांगू नकोस. तिचं मला पत्र आलंय. त्यात एवढंच विचारलंय की मामा, मदतनीस म्हणजे जो रबर धरतो तो, की जो कार्ड धरतो तो? काय उत्तर देऊ मी?

रबर मी तिला दिलं होतं, तुमच्या थोरल्याची सोयरीक जमवायला नाही. भाऊजींकडून मला वेगळी अपेक्षा नव्हती. पण तू? तिचं म्हणून काहीतरी असावं, हे तूच लिहिलंस ना? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही. ती कार्डं चुलीत घाल आणि मग मला लिही.

दादा


१९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कार्डं चुलीत घातलेली नाहीत. तरी लिहिते आहे.

लोकाच्या घरात न्याय करायला सोपं असतं दादा. बाबांचं तसबिरींचं दुकान आठवतं? काच कापायचे मी. बोटं चिरायची माझी. गिऱ्हाईक यायचं ते मलाच विचारत यायचं. तू तिकडे हॉटेलात नोकरीला, आणि पाटी रंगवली तेव्हा नाव कुणाचं चढलं? तू तेव्हा बाबांना असं खरमरीत पत्र लिहिल्याचं मला तरी ठाऊक नाही. तुझ्या नावाची ती पाटी रोज सकाळी मीच पुसायची, आणि कुणी विचारलं तर दादाला मदत करते म्हणून सांगायची.

मी मेले का? नाही ना? तीही मरणार नाही. बायकांना सवय होते. मोठ्या भावाला उलट बोलले, लहान समजून पोटात घाल.

बेबी


३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही, हे कळत होतं.

धंदा बुडाला. थोरल्याने एक मोठं ऑफिस मिळवलं आणि भिंगरीला शिडीवर चढ म्हणाला. ती नाही म्हणाली, मामांनी सांगितलंय म्हणाली. तेव्हा हे तिच्यावर ओरडले की मालकाचं ऐकायचं असतं. मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. मग चिडून थोरला एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि भांड्याच्या तारेच्या घासणीने त्यांच्या काचा घासून आला. सगळ्या काचांवर ओरखडे. त्यांनी दोघांनाही दार बंद केलं, आणि चौकात बातमी पसरायला काय वेळ लागतो? चष्मेवाला तेवढा भिंगरीला एकटीला ये म्हणत होता. ती गेली नाही. थोरला परत पलंगावर आहे. कार्डं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहेत.

भिंगरी शाळेत जाते, जेवते, विचारलं तेवढं बोलते. परवा तिला स्वयंपाकघराची खिडकी पुसून दे म्हटलं, तर वहीतून मान वर न करता म्हणाली की मालकाला विचार, मी मदतनीस आहे. आवाजात राग नव्हता रे. राग असता तर भांडले असते, जवळ घेतलं असतं. मीही बाबांशी अशीच बोलायचे शेवटी शेवटी. ते समजायचे, पोर निवळली.

मग मीच तुझं रबर घेतलं. बाहेरून आडवा हात, आतून उभा, तू सांगितलंस तस्सं. तरी एक फराटा राहिला. बाहेर जाऊन घासला. पुन्हा गेले, पुन्हा घासला. आत्ता लिहिताना समोर दिसतो आहे. उभा आहे.

माया ठेव असं लिहायची आज छाती होत नाही. तिला तेवढं एक पत्र टाक.

बेबी