आई फुगते, पोर वाळते

वन्सं,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकणं आता मनातल्या मनातच होतं, मध्ये पोट येतं. पण नमस्कार खरा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढता की अजून शेजारणीला हाका मारून सामान वर मागवता? झोप लागते का? ही सगळी खुशाली मी खरोखरच विचारते आहे, रीत म्हणून नाही. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते आणि पुढे जाते.

आठ महिने झाले, आपण बोललो नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरतं बोलू देत नाही, आणि पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली दोन वर्षं कडेवर धाकटी बहीण घेऊन वर्गाच्या दारात काढली. तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर समजून घ्या, आणि तुमच्या भावाला वाचून दाखवून हसू नका. त्यांना हे पत्र माहीतच नाही.

का बोललो नाही ते तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. तुम्ही आमच्या खाटेवर बसला होता. आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत (त्याला जरा वेळ लागला), मग माझ्या पोरीकडे, चिमटीकडे पाहिलंत (त्याला लागला नाही), आणि म्हणालात, आई फुगते, पोर वाळते, हे काय गं? मी हातातला डाव आपटला आणि तुम्हाला नको नको ते बोलले. तुम्ही जेवण अर्धं टाकून चप्पल घातलीत. त्यानंतर मी तुम्हाला द्यायची उत्तरं रोज भांडी घासताना घोकली. एकाहून एक झणझणीत. आता त्यातलं एकही कामाचं नाही, कारण तुमचं बोलणं खरं निघालं. मला राग त्याचाच आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी असते. पट्ट्यावरून बिस्किटं येतात, आम्ही पुड्यात भरतो, आणि तुटलेली खाली खोक्यात टाकतो. आठवड्याला प्रत्येकीला पिशवीभर चुरा घरी न्यायला मिळतो. त्या चुऱ्यावर मी गल्लीत राणी आहे. शिवणवालीला पुडा, पाणी सोडणाऱ्याला पुडा, दवाखान्याच्या दारावरच्या शिपायाला तर दोन, म्हणजे तो रांगेत पुढे घेतो. चिमटी बिस्किट हातात धरूनच चालायला शिकली. रडली की बिस्किट, मी कामाला निघाले की बिस्किट, परत आले की मला बघून बिस्किट. मग जेवायला बसवलं की तोंड असं घट्ट मिटते की चमच्याने उघडत नाही. मला वाटायचं, पोर समजूतदार आहे, थोडक्यात भागवते.

आणि माझं म्हणाल तर, वन्सं, शपथेवर सांगते, मी जेवतच नाही. आधी तुमच्या भावाचं ताट, मग चिमटीच्या मागे वाटी घेऊन घरभर फिरणं, आणि माझी पाळी येईपर्यंत भातही गार आणि मीही गार. कोण बसतंय आता एकटीने भाजी वाढून घेत? ओट्याला टेकून दोन कप गोड चहा आणि ओंजळभर चुरा. दुपारी पट्ट्यावर तेच, संध्याकाळी तेच. अंडं आणलं तर एक त्यांना, एक पोरीला. मला वाटायचं, मी एवढी उपाशी राहते तरी हे अंग कुठून येतं? वारा खाऊन फुगते की काय मी?

तर गेल्या महिन्यात गल्लीत वजनबाई आली. (तिचं खरं नाव कुणी विचारत नाही. खांद्याला काटा अडकवून येते म्हणून वजनबाई.) तिच्याकडे एक रंगीत पट्टी असते, ती पोरांच्या दंडाला गुंडाळते. हिरव्यावर थांबली तर बरं, पिवळ्यावर थांबली तर काळजी, आणि लाल म्हणजे काय ते सांगायला नको. चिमटीच्या दंडाला पट्टी गुंडाळली. ती गुंडाळतच गेली, गुंडाळतच गेली. मला वाटलं, बाईच्या हातून सुटली. नाही. पोरीचा दंडच तिथे नव्हता. लाल. वजनबाई शहाणी, हळू आवाजात म्हणाली. पण शिवणवालीचे कान सुईपेक्षा बारीक. ती दारातूनच म्हणाली, पोरीच्या वाटचं कुठे गेलं ते दिसतंयच की समोर! सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तिला म्हटलं, तुझ्या जिभेला एक टाका घाल आधी, माझं पोलकं नंतर शिव. आणि घरात येऊन दाराला कडी लावली, आणि खाली बसले ती उठलेच नाही.

मला कशाची भीती वाटली ते सांगते, हसू नका. मला वाटलं, आता ते कागदावर लिहितील, की ही आई पोरीचं खाते. मग कुणीतरी येईल आणि चिमटीला घेऊन जाईल. कोण येईल ते मला माहीत नव्हतं. पण दारावर थाप पडली की मी तिला खाटेखाली सरकवायचे. (दोनदा दूधवाला होता, एकदा तुमचे भाऊ.) सात वर्षं वाट पाहून झालेली पोर आहे ही, वन्सं. ती दुपारी झोपली की मी फ्रॉक वर करून फासळ्या बघायचे आणि पुन्हा खाली करायचे, जसं काही झाकलं की भरून येतील.

शेवटी वजनबाईने दटावलं म्हणून दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईने चिमटीला काट्यावर ठेवलं, मग मला म्हणाली, तुम्हीही चढा. म्हटलं, आजारी ही आहे, मला कशाला? चढा म्हटलं ना! चढले. ब्याऐंशी किलो. मग बोटाला टोचलं आणि म्हणाली, रक्त साडेसहा. मी विचारलं, किती पैकी? ती म्हणाली, बारा तरी हवं. (म्हणजे इथेही मी नापासच.) मला खरंच हसू आलं. म्हटलं, बाई, मशीन बदला, एवढ्या मोठ्या पिंपात पाणी नाही म्हणता? ती हसली नाही. म्हणाली, पिंप मोठं असलं म्हणजे भरलेलं असतं का? तुम्हा दोघींचा आजार एकच आहे. गोड आणि मैद्यावर ती वाळली, तुम्ही फुगलात, आत दोघीही रिकाम्या. कागदावर तिने पोरीच्या नावाशेजारी माझंही नाव लिहिलं. मी आजवर कधी आजाऱ्यांच्या कागदावर नव्हते. मला ते नाव बघून आणखीच भीती वाटली. पोरीला धरून ठेवणारी मी, आणि मलाच धरायला कुणी नाही.

तिने चिमटीला चाटवायला पुड्या दिल्या आणि मला लाल गोळ्यांची बाटली दिली. इथून पुढे मी जे केलं ते तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही. घरी येऊन मी विचार केला. (तिथेच चुकलं.) गोळ्या रक्ताच्या. ताकदीच्या. ब्याऐंशी किलोच्या बाईला ताकद कशाला? ताकद हवी पोरीला. आपल्या घरात चांगलं ते आधी लेकराच्या तोंडात घालायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी एक गोळी लाटण्याने कुटली, तिचे चार भाग केले आणि एक भाग साखर घालून दुधातून पाजला. असं तीन दिवस. पोर तोंड वाकडं करायची, अर्धं ओकून टाकायची. मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

चौथ्या दिवशी सकाळी चिमटी भांड्यावर बसली, आणि जे झालं ते काळं. काळं म्हणजे कोळसा. वन्सं, मला वाटलं, पोर आतून जळाली. डॉक्टरला दाखवायला पुरावा हवा म्हणून हाताला लागला तो कागद घेतला, त्यात ते बांधलं, पोरीला काखोटीला मारलं आणि अनवाणी दवाखान्यात धावले. हाताला लागलेला कागद कुठला असणार आमच्या घरात? बिस्किटांच्या पुड्याचा. दारावर शिपाई. रांग ही एवढी मोठी. मी म्हणतेय, सोडा हो मला आत, पोर जातेय माझी. आणि त्याने माझ्या हातातला पुडा बघितला, ओळखीचं हसला, म्हणाला, आज गरमागरम दिसतायत, आणि माझ्या हातातून काढून घेतला. मी नुसती मान हलवत होते, आणि तो म्हणत होता, असू द्या हो, एकच पुरे. त्याने पुडा उघडला. पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगते की मला लगेच आत सोडलं, आणि रांगेतल्या कुणीही तक्रार केली नाही.

नर्सबाईने विचारलं, काय पाजलंस? मी खोटं बोलणार होते. पण चिमटी माझ्या मांडीवर इतकी हलकी बसली होती की खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. तिने मला जे झापलं, त्यापुढे तुम्ही साखर आहात. म्हणाली, मोठ्यांच्या गोळ्या लहान पोराच्या पोटात गेल्या तर जीव जातो, कळतं का? संध्याकाळपर्यंत पोरीला तिथे ठेवलं. मी बाकावर बसून समोरच्या घड्याळाकडे बघत होते आणि काटा हलत नव्हता. देवाला म्हटलं, माझं हे सगळं मांस घे, आणि तिच्या दंडाला चिकटव. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, ओकली म्हणून वाचली. रंग गोळ्यांचाच होता.

निघताना नर्सबाईने एक गोळी माझ्या हातावर ठेवली आणि समोर गिळायला लावली. मग म्हणाली, आजपासून दोघींनी एका वेळी, समोरासमोर बसून जेवायचं. बिस्किट बंद. मला वाटलं, हा काय उपाय झाला? पण घरी येऊन दोन ताटल्या मांडल्या, भात, डाळ, भाजी, एकेक अंडं. लग्नानंतर मी पहिल्यांदा अशी ताटलीपुढे बसून जेवले असेन. चिमटीने आपलं तोंड मिटलेलंच ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी एक घास खाल्ला. ती बघत होती. दुसरा खाल्ला. मग तिने बोट लावून आपल्या ताटलीतलं एक शीत उचललं आणि तोंडात घातलं. इतके दिवस मी तिच्या मागे वाटी घेऊन पळत होते, वन्सं, आणि तिला फक्त कुणीतरी आपल्यासमोर जेवताना बघायचं होतं.

तर आता सगळं ठीक चाललं आहे. काळजी नसावी. गुडघ्याला शेक देत जा. राग गेलेला नाही, पण कमी झाला आहे.

तुमची भावजय

ता. क. ठीक चाललं आहे असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. परवा मी पट्ट्याजवळ चक्कर येऊन पडले. एका खोक्यावर पडले, त्यातल्या सगळ्या बिस्किटांचा चुरा झाला, आणि मुकादमाने तो मलाच घरी न्यायला दिला. आणि वजन ब्याऐंशी नाही, शहाऐंशी आहे.

आणखी एक. चिमटीचा दंड अजून लालच आहे. सोमवारपासून तिला चौदा दिवस वॉर्डात ठेवायचं म्हणतात. मला त्याच वेळी समोरच्या इमारतीत रक्त चढवणार, दोन दिवस तरी. सुईला मी भीत नाही. पण ती जागी होईल, समोर परकी माणसं असतील, आणि ती तोंड मिटून घेईल. आणि मी नाहीच उठले तर? हे मी कुणाला बोललेले नाही. तुमच्या भावाला गाडीवरून सुट्टी नाही, आणि ते जेवतातही भिंतीकडे तोंड करून. तिच्यासमोर बसून कुणीतरी नीट जेवायला हवं. तुम्ही जेवता ते मी पाहिलंय. या.

तिसरं. वॉर्डातल्या बायका आधी माझ्याकडे बघतील, मग चिमटीकडे, आणि मग काहीतरी बोलतील. मला आता उत्तर द्यायचं बळ नाही. तुमची जीभ मला माहीत आहे. इतकी वर्षं ती माझ्यावर चालवलीत, आता चौदा दिवस माझ्या बाजूने चालवा.

शेवटचं. येताना बिस्किटं आणू नका. तुमच्यासाठी मी सवयीने दोन पुडे बांधून ठेवले होते, ते काल दवाखान्यात शिपायाला द्यायला गेले. त्याने खुर्ची मागे सरकवली.