पदक उजवीकडेच

रविवार, सानपाडा

ह्यांच्या पलटणीचे निवृत्त कर्नलसाहेब लोकसभेला उभे आहेत. आज त्यांच्या सभेत मला स्टेजवर बसवलं, शहिदाची बायको म्हणून. ह्यांचं पदक मी उजवीकडे लावलेलं. गेलेल्या माणसाचं पदक घरच्यांनी उजवीकडेच लावायचं असतं; डावीकडे फक्त ज्याने ते कमावलं त्याने. कार्यकर्ता म्हणाला, "ताई, डावीकडे लावा ना, शालीमुळे फोटोत झाकलं जातंय." मी साहेबांकडे बघितलं. हे गेले तेव्हा उजवीकडे लावायचं मला त्यांनीच तर शिकवलं होतं! छातीवर स्वतःची पदकं मिरवत ते हसले. "लावा वहिनी, पब्लिकला काय कळतंय?"

पब्लिकला नाही कळत. तुम्हाला कळतंय ना?

पदक काढून पर्समध्ये ठेवलं आणि सगळ्यांसमोर स्टेजवरून उतरले. काढा आता रिकाम्या खुर्चीचा फोटो.