माझं माप चुकलेलं नाही

१४ नोव्हेंबर, मंगळवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. हा कागदावरचाच गोड मानून घे, सध्या मला पायावर जोर देणं जमत नाही. का, ते पुढे लिहितो.

इकडे सगळं ठीक. दुकानाची पाटी नव्याने रंगवली. तुझी भावजय आता माझ्यापेक्षा जास्त बोलते आणि माझ्यापेक्षा जास्त जोड विकते. भावोजींचे बूट तेवढे राहिलेत. चामडं मिळत नाही म्हणून उशीर होतोय, असं मी मागे कळवलं होतं.

ते खोटं होतं. चामडं फळीवर पडून आहे.

तुझं पत्र मिळालं. नवी चप्पल उजव्या अंगठ्याला लागते, "बारक्या, म्हातारा झालास, माप चुकायला लागलं तुझं!" भावजय पोट धरून हसली. मीही हसलो. मग माळ्यावरून तुझ्या पायाचा लाकडी साचा काढला आणि टेप घेऊन बसलो. वहीतल्या नव्या जोडाच्या मापाशी ताडून पाहिलं. केसभरही फरक नाही.

"चुकलो, परत पाठव," एवढं लिहून मी मोकळा झालो असतो. लिहिलंही होतं. फाडून टाकलं. फोन तीनदा लावला आणि तीनदा हवापाण्याचं बोलून ठेवला.

तर ऐक. सहा महिन्यांपूर्वी माझाही अंगठा असाच दुखायला लागला. बूट चावत असेल असं वाटलं. बूट करणाऱ्यालाच बूट चावतोय हे सांगणार कुणाला? मग एके सकाळी तो टोमॅटोसारखा लाल होऊन सुजला. पांघरूण लागलं तरी जीव जायचा. मशीनचं पायडल मारता येईना, म्हणून भावोजींचे बूट राहिले; तुझी चप्पल तेवढी हातानेच शिवली.

नऊ वर्षांपूर्वी तू तुझी एक किडनी मला दिलीस. तेव्हापासून दर पत्रात विचारतेस, "माझी धाकटी कशी आहे?" मी लिहितो, मजेत. गेल्या दोन पत्रांत काहीच लिहिलं नाही. मी दोन तपासण्या चुकवल्या होत्या. तिसरीला भावजयीने हाताला धरून नेलं. युरिक ॲसिड नऊच्या वर, आणि धाकटी दमलेली.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "दारूला शिवत नाही, मटण खात नाही, मग हे आलं कुठून?"

"पिता काय?"

"फळांचा रस. बाटलीतला. रोज एक पेला."

"तीन बाटल्या," मागून तुझी भावजय. "बुटांच्या खोक्यांत लपवतात."

मग बाईंनी समजावलं. रसात फ्रुक्टोज नावाची साखर असते. फळ चावून खाल्लं तर ती थोडी थोडी जाते, रसातून घटाघट जाते. यकृत ती फोडतं तेव्हा तिथे चरबी साठते आणि युरिक ॲसिड तयार होतं. ते बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं. फार साचलं की सांधे धरतात, खडे होतात, किडनीलाही त्रास होऊ शकतो. धाकटी टिकावी म्हणून घेतो त्या गोळ्यांचाही यात हात आहे म्हणाल्या, पण बंद गोळ्या नाही, बाटल्या करायच्या. चार महिने थेंब घेतला नाही. औषधही चालू आहे. आकडा साडेसहावर आलाय, धाकटी सावरतेय. रागावायचं तेवढं रागाव.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चहा सोडायला लावून तुला रसाची सवय मीच लावली. उन्हाळ्यात खोकं घेऊन आलो, "पी ताई, फळच आहे" म्हणालो. आता लिहितेस की सकाळ-संध्याकाळ पेला भरून घेतेस, भावाची आज्ञा म्हणून! मला कळूनही मी चार महिने गप्प बसलो, कारण तुला सांगायचं तर धाकटीचंही सांगावं लागलं असतं. याची फार लाज वाटते गं.

तुझा अंगठा दुसऱ्याच कशाने दुखत असेल, मी काही डॉक्टर नाही. पण तुझ्याजवळ एकच उरली आहे, आणि दुसरी कुणामुळे गेली ते मला ठाऊक आहे. हे वाचून झालं की लगेच रक्त तपासायला जा. युरिक ॲसिड आणि किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन, दोन्ही. उरलेल्या बाटल्या मोरीत ओत. भावोजींनाही देऊ नकोस.

चप्पल परत पाठवू नकोस, ती बरोबर आहे. धाकटीला मी जपतो. तू थोरलीला जप.

तुझ्याच जिवावर जगणारा,
बारक्या