लोण्याचा डबा

४ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, असं बाबांना लिहिते. तुला लिहिणार नाही. माझा स्वयंपाक म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात एक शेगडी आणि एक पातेलं. मसूर, कांदा आणि भाजीवाली टाकून देते ती कोबीची वरची पानं एकत्र शिजवायची. शेंगदाणे वाटून घातले की साय घातल्यासारखं वाटतं. दूध, अंडी परवडत नाहीत म्हणून नाहीत. मैत्रिणी याला तत्त्व समजतात, तर समजोत बापड्या.

पण बाबा बसबरोबर लोण्याचा डबा पाठवत राहिले. ते स्वतः कोरडा पाव खातात आणि लोण्याचं गिऱ्हाईक परत पाठवतात, हे तूच कळवलंस. मग माझ्या घशाखाली घास उतरेना. नुसतं नको म्हटलं तर ते ऐकणारे नव्हेत. म्हणून लिहिलं, मी दूधदुभतं कायमचं सोडलं, दूध पिणं म्हणजे वासराच्या तोंडचं ओरबाडणं. कॉलेजच्या फाटकावर वाटत होते त्या कागदातलं वाक्य. डबा बंद झाला. त्यांना खरं सांगू नकोस, तुला माझी शपथ.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त लागेल.
तुझी,
ठकू

१९ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिवता शिवता वाचलं आणि बाही उलटी जोडली. जिचं पोलकं होतं त्या बाईची बोलणी तुझ्या खात्यावर. ठके, इतकी शिकलीस आणि अक्कल कुठे गहाण टाकलीस? दादाने, तुझ्या बापाने, तुझं ते वाक्य मनावर घेतलंय. चहा कोरा घेतो. काल धार काढायला बसला आणि अर्ध्यातच उठून वासरू सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, शिकलेली पोर उगाच बोलायची नाही. खरं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तू शपथ घातलीस. तूच लिही, आणि लवकर लिही. आणि त्या पातेल्यात जरा तेल घालत जा.

माया कमी व्हायची नाही, राग आला तरी.
तुझी आत्या

११ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, सांभाळून घे. दोन्ही गाई विकल्या. वासरूही त्यांच्याबरोबरच दिलं, ताटातूट नको. कुठे नेणार, असं व्यापाऱ्याला विचारलं तर तो नुसता हसला. मग मी पुढे विचारलं नाही.

जन्मभर करत आलो ते वाईट आहे, हे मला कधी सुचलंच नाही. त्याच पैशांवर तुझी फी भरली. तुला लाज वाटली असेल, पण तू बोलली नाहीस. आता बाजारात पोती उचलतो. आत्या दोन दिवस रडतेय, का ते सांगत नाही. सोबत थोडे पैसे आहेत, बदाम घे, अंगात ताकद राहील. दुधाशिवाय काय रांधतेस तेही कळव, मला काही येत नाही.

बापावरची माया आटू देऊ नकोस.
तुझे बाबा

२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षा होऊ दे, मग बाबांना खरं लिहू, असं म्हणत राहिले. बाबांचं पत्र वाचून तशीच निघाले, पण बसथांब्यावरून परत आले. काय सांगणार होते त्यांना? गाई उगाच गेल्या म्हणून? आपण काही चांगलं केलं, एवढ्यावरच ते पोती उचलताहेत. तेही काढून घेतलं तर त्यांच्याजवळ काय राहील? तू रडलीस पण बोलली नाहीस. आता कधीच बोलू नकोस.

त्यांना मसुराची कृती सविस्तर लिहून पाठवली. जमली म्हणे. शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतात, माझ्या लेकीने मला शहाणं केलं. मला हे सहन होत नाही, आत्या.

काल मला ताप होता. शेजारच्या खोलीतल्या मुलीने गरम दूध आणून दिलं. भूक इतकी होती की वासानेच डोळ्यांत पाणी आलं. मी पेला परत केला आणि तिला सांगितलं, मी दूध पीत नाही.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.
तुझी,
ठकू