दुसरबीडच्या ओट्यावर कोणी मारत नाही

३ जानेवारी २०२५

निवड झाली! पुण्याच्या ‘खेळ आणि समाज’ चर्चासत्रात माझा निबंध! पंधरा मिनिटं बोलायचं, मग प्रश्न. बुलढाण्याहून गाईड सरांचा फोन — “दीपमाला, हे अगदी नवीन आहे. मारामारी नसलेला पट जगात कुठंच नाही!” जगात म्हणे. सर जगभरच्या ओट्यांवर बसून आल्यासारखेच बोलतात. पण मी खूश आहे. नाचावंसं वाटतंय.

मायला सांगितलं. “कवा जा लागते?” एवढंच म्हणाली. जावयाचा विषय नाही काढला. बरं झालं. दिवाळीपासून इथं आहे, संशोधनासाठी राहते असं सांगितलंय, तेच चालू ठेवायचं. नवऱ्यानं, संघपालनं, जालन्याच्या घराची किल्ली माझ्याकडून मागून घेतली, ते कुणाला सांगायचं? पीएचडी झाली की बघू.

५ जानेवारी

आजही दुपारभर शेजारच्या शाहजादीखालाच्या ओट्यावर. खडूनं आखलेला पट, पाच घरं आडवी, पाच उभी. घासलेले चिंचोके हे फासे, फुटक्या बांगड्यांचे तुकडे ह्या सोंगट्या. खाला, तिची सून यास्मीन, माय आणि मी.

नियम सगळीकडं एकच — दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. आणि इथं? कोणी कोणाला मारतच नाही, तरी सगळ्या आत जातात! आज माझी सोंगटी खालाच्या अगदी तोंडासमोर होती. खालाला नेमके तीनच हवे होते, तीनच पडले. तरी तिनं दुसरीच सोंगटी सरकवली. “जाऊ दे पोरी, मले घाई नाही.”

काय सुंदर! निबंधात लिहिलंय तेच — बायकांनी स्पर्धेला दिलेला नकार.

९ जानेवारी

साखरखेर्ड्याला गेले होते. गोंधळ वाढवून आले.

तिथल्या बायका मारतात! हसत-खिदळत, मांडीवर थाप मारून मारतात. आणि ज्या बाईची सोंगटी मेली, तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं. उखाणा घेतल्याशिवाय मेलेली सोंगटी परत पटावर येत नाही. रुख्मिणीबाईंची मेली तशी त्या उभ्याच राहिल्या —

“चिंचेच्या झाडाले चिंचोके शंभर,
महादेवरावचं नाव घेते, लावा माहा नंबर!”

हसून हसून पोट दुखलं. मला म्हणाल्या, बस न व बाई खेळाले. मी म्हटलं, नको, मला लिहायचंय. मोबाईल उगाच हातात धरून बसले.

एकाच तालुक्यातली दोन गावं. तिथं मारतात, इथं नाही. काऊन?

१० जानेवारी

मायला विचारलं, आपल्याकडं नाव घेत नाहीत का पटावर? “पोळी करपली वाटते,” म्हणून ती चुलीकडं गेली. पोळी काही करपली नव्हती.

१३ जानेवारी

बुलढाणा. सर खूश. “हाच तर विरोध! दोन गावं समोरासमोर ठेव, बाजी मारशील.” चिखलीपर्यंत उभ्यानं आले, डोक्यात तेच. स्लाइड सतरा वेळा बदलली असेल. जेवण जात नाही. 

१७ जानेवारी

पुण्याच्या गाडीत. जालन्याच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. सगळे चहाला उतरले, मी नाही उतरले. खिडकीचा पडदा ओढून घेतला. कोण बघणार होतं मला? तरी ओढला.

१८ जानेवारी

झालं.

गळ्यात नावाचं कार्ड, समोर पन्नासेक माणसं. शेजारच्या दालनात मोबाईलवरच्या खेळांचं सत्र, तिथं गर्दी जास्त. बोलता बोलता माझ्या तोंडून “खेळून राह्यल्या” निघालं. पहिल्या रांगेतला एक गालातल्या गालात हसला. हसू दे. बाकी छान झालं! टाळ्या! एका बाईंनी तर ‘दुसरबीड’ला यायचंय म्हणून नंबर घेतला.

मग शेवटचा प्रश्न. पांढऱ्या केसांच्या एक बाई, आवाज मऊ. “तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक डावात तुम्ही स्वतः बसलेल्या होता ना? तुम्ही नसताना त्या कशा खेळतात?”

मी म्हणाले, “तशाच.”

मला काय माहीत? आजवर कधी विचारलंच नाही! तशाच म्हणाले, ठणकावून म्हणाले. जेवणाच्या रांगेत त्या बाई दिसल्या तशी मी ताट घेऊन दुसरीकडं वळले.

२० जानेवारी

परत आले. पिशवी ठेवली तशी यास्मीनकडं गेले. ती धुणं वाळत घालत होती.

“खरं सांग. मी नसते तवा तुमी मारता का?”

“मंग! रोज मारतो. मारल्याबिगर पट कसा व?”

“अन् मी असली तं?”

तिनं चादर दोनदा झटकली.

“मेली तं नाव घ्या लागते न, दीपा. तुले घ्या लागलं असतं.”

मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

“तू आली त्याच हप्त्यात तुह्या मायनं सांगितलं समद्यायले. म्हने, माह्या पोरीची सोंगटी कोनी मारू नका. मंग खाला म्हने, तिचीच नाही मारली तं तिच्या ध्यानात येईन. कोनाचीच नको मारू.”

सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीपासून! मी रोज त्यांच्यात बसून कुलपासारखं तोंड ठेवत होते, आणि त्या माझ्यासाठी खेळातला खेळच काढून टाकून बसल्या होत्या. आणि मी त्याला सिद्धान्त म्हणाले! पुण्यात टाळ्या घेतल्या त्याच्यावर!

निघताना यास्मीन म्हणाली, “तुही माय पुंजाजीकाकाचं नाव लय मस्त घेते व. दरखेपी नवं. आता लय दिवस झाले, आयकलं नाही.”

बाबा गेल्यापासून मायच्या तोंडून बाबांचं नाव मी ऐकलेलं नाही. ती तिथं, त्या ओट्यावर घेत होती. माझ्यामुळं तेही बंद.

२१ जानेवारी

ओट्यावर गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. मायनं कपाळाला बाम लावला. रडू आलं, तिच्या मांडीतच आलं. बामामुळं डोळे झोंबतात म्हटलं.

२४ जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे — मी बसले की खेळ बदलतो, एवढंच. सर म्हणाले, “काही बिघडलं नाही. एक तळटीप टाक, ‘निरीक्षकाच्या उपस्थितीचा परिणाम’. छापायला द्यायची घाई आहे.”

परिणाम का झाला, ते कोण लिहिणार? ते लिहायचं तर माझं घर लिहावं लागतं. न लिहावं तर ह्या तीन बायका खोट्या पडतात. बसवत नाही, घरात नुसत्या येरझाऱ्या. माय म्हणते, “बस न व घडीभर. उंदरावानी काय करून राह्यली?”

संध्याकाळी सरांना कळवून टाकलं — छापू नका. पुन्हा लिहिते. सर रागावले. रागावू देत. पण लिहायच्या आधी ते मोठ्यानं बोलावं लागेल. नुसतं पानाला सांगून भागत नाही.

२७ जानेवारी

ओट्यावर बसले आणि मायची सोंगटी मारली.  मायनं माझ्याकडं पाहिलं, पदर सारखा केला —

“ज्वारीच्या पेंडीले बांधली दोरी,
पुंजाजीचं नाव घ्याले कोनाची चोरी!”

थोड्या वेळानं तिनं माझी मारली. मुद्दाम. यास्मीननं मान खाली घातली. मी म्हणाले, “मी नाव घेत नाही. मी संघपालले सोडून आली. आता वापस जानार नाही.”

माय म्हणाली, “मंग बिनानावाचीच ठेव पटावर. फेक चिंचोके, पारी तुही हाय.”