करडांच्या अंगणात मोठ्यानं बोलू नये

६ जानेवारी, सोमवार
आजपासून राग बंद. कायमचा. कारण, ती. काल बसस्टॉपवर सरळ म्हणाली की तुझ्याशी बोलायचं म्हणजे गॅसवर दूध ठेवून समोर उभं राहायचं, नजर हलली की उतू. हे साफ खोटं आहे, असं मी तिला शांतपणे पटवून दिलं. स्टॉपवरचे लोक उगाच वळून बघत होते.
ती माझ्या वर्गात होती. आता शहराबाहेर लहान मुलांना प्राणी दाखवणारं फार्म आहे, तिथे शेळ्यांची करडं सांभाळते. मी शिक्षण अर्धवट सोडलं असं लोक म्हणतात. सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं, मी कॉलेजबाहेर गेलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

८ जानेवारी, बुधवार
घरात टेन्शन. कंपनी बंद पडल्यापासून दादा घरीच. मीही घरीच. दोन पुरुष, एक रिमोट. आज आवाज जरा चढले. दादाची मुलगी चिमणी, वय पाच, टेबलाखाली जाऊन कानांवर हात ठेवून बसली. हल्ली तिथेच असते. वहिनी म्हणाली, तुम्ही दोघं जरा तिच्याकडे बघा. मी बघितलं. दादानं बघितलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार
आयडिया. रविवारी सगळ्यांनी फार्मवर जायचं. फॅमिली तिकीट स्वस्त, डबा घरचा. वहिनीला म्हटलं, चिमणीसाठी. खरंच चिमणीसाठी. शिवाय पुतणीला खांद्यावर घेतलेला मी तिला दिसेन. यावर कुठल्या मुलीचं मत बदलणार नाही? दादा म्हणाला, याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. मी उलट बोललो नाही. दार आपटलं ते वाऱ्यानं.

१२ जानेवारी, रविवार, सकाळी
निळा शर्ट. दीर्घ श्वासांची प्रॅक्टिस झाली. आज परीक्षा.

संध्याकाळी
बसमध्ये कंडक्टरशी वाद झाला, तो मी धरत नाही.
करडांच्या अंगणातला नियम असा: सगळ्यांनी गवतावर मांडी घालून बसायचं, हात पुढे करायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. मग फाटक उघडतात आणि करडं आपणहून येतात. नियम तिनंच सांगितला, इतक्या हळू की मुलं पुढे सरकून ऐकत होती. एका पांढऱ्या करडानं चिमणीच्या मांडीवर पाय ठेवले. चिमणी हसली. वहिनीनं दादाचं मनगट धरलं. कितीतरी दिवसांनी आमच्याकडे कोणी हसलं होतं.
शेजारचा एक बाप फोनवर बोलत होता. तिचा नियम, तिच्यादेखत मोडत होता. मी खुणावलं. त्यानं पाठ फिरवली. मग मी उभा राहिलो आणि त्याला इथे शांतता पाळायची असते हे सांगितलं.
पलीकडची गाढवंसुद्धा दचकली, असं दादा म्हणतो. दादा वाढवून सांगतो. करडं मात्र उधळली. एक चिमणीच्या अंगावरून गेलं. चिमणी बाकाखाली शिरली, कानांवर हात.
ती माझ्यापाशी आली. वाटलं, आभार मानेल. म्हणाली, तू बाहेर थांब. मग बाकाखाली चिमणीशेजारी जाऊन आडवी झाली. बराच वेळ. मी कुंपणाबाहेरून बघत होतो.
चूक फोनवाल्याची.
येताना कोणी बोललं नाही. शेवटी शांतता पाळली गेलीच.

१५ जानेवारी, बुधवार
तिला माफीचा मेसेज पाठवला. फोनवाल्याचा दोष समजावताना जरा लांबला. उत्तर नाही.
चिमणी माझ्या खोलीत येत नाही. हळू हाक मारली तरी. दादाला म्हटलं, तू तिच्या मनात काहीतरी भरवलं असशील. तो भांडलासुद्धा नाही.

१९ जानेवारी, रविवार
तिनं वहिनीला फोन करून चिमणीला पुन्हा बोलावलं. वहिनी म्हणाली, भाऊजी, तुम्ही आज आराम करा. मलाही कामं होतीच. दिवसभर खिडकीत होतो.
चिमणी आली ती बडबडतच. कपड्यांवर गवत. माझ्या दारापर्यंत आली, आत नाही. मी अगदी सहज विचारलं, ताईनं माझ्याबद्दल काही विचारलं का?
हो म्हणाली. गेल्या गेल्या विचारलं म्हणे, काका आलाय का?
हे मी आधीच ओळखलं होतं. मन असं एका दिवसात बदलत नाही. बरं, मग?
मी नाही म्हटलं, चिमणी म्हणाली. मग ताईनं फाटक उघडलं.